घरच्या वाइनला ओकची चव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबरात कॅलिफोर्नियाची द्राक्षं ट्रकने न्यू जर्सीत येऊन पोहोचली की ओळखीतल्या मराठी घरांमधून फोन सुरू होतात. चिलीची द्राक्षं येतात तेव्हा, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, पुन्हा तेच. वाइन आंबून झाली, पहिलं रॅकिंग, म्हणजे गाळ मागे ठेवून वाइन दुसऱ्या भांड्यात ओढून घेणं, उरकलं, की निम्मे प्रश्न ओकबद्दलचे, म्हणजे वाइनला चव देणाऱ्या ओकच्या लाकडाबद्दलचे असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. मापं १९ लिटरचा म्हणजे ५ गॅलनचा काचेचा कारबॉय, म्हणजे अरुंद गळ्याची मोठी बाटली, धरून दिली आहेत, कारण बहुतेकांच्या तळघरात तोच असतो.

वाइन फिकी झाली आहे. ओक घातला तर सुधारेल का?

नाही. हा प्रश्न मुद्दाम सगळ्यांत वर घेतला आहे, कारण ओक घालण्याचं हेच कारण सर्वांत जास्त वेळा ऐकू येतं आणि त्यातूनच सर्वांत जास्त वाइन वाया जाते. फळाचा स्वादच कमी असेल तर ओक त्या रिकाम्या जागेत एकटा उभा राहतो आणि प्यायला लाकडाचं पाणी मिळतं. आंबटपणा कमी असेल तर टार्टारिक आम्ल घालून तो आधी नीट करावा. व्हिनेगरसारखा किंवा नेलपॉलिशसारखा वास येत असेल तर तो बॅक्टेरियांचा दोष आहे, लाकडाखाली झाकला जात नाही. कुजक्या अंड्याचा वास असेल तर तो गंधकाचा दोष, त्याचा उपायही वेगळा.

ओक घालण्याआधी पेलाभर वाइन घेऊन शांतपणे चाखा आणि काय कमी वाटतं ते एका ओळीत लिहून काढा. ‘मधे पोकळ लागते’, ‘घोट संपल्यावर चव रेंगाळत नाही’, ‘वास एकसुरी आहे’, असं काहीतरी नेमकं लिहिता आलं तर कोणता ओक आणि किती, हे ठरवता येतं. काहीच कमी वाटलं नाही तर घालू नका. चांगलं फळ आहे तसं राहू देणं हाही निर्णयच आहे.

लाकडातून वाइनमध्ये नेमकं उतरतं काय?

बरंच काही, आणि त्यातले काही वास आपल्या स्वयंपाकघरातले आहेत. लॅक्टोन नावाची संयुगं ओकच्या लाकडात मुळातच असतात, त्यांचा वास ओल्या नारळाकडे जातो. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक, तोही ओकमध्ये असतो. लाकूड भाजलं की त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन सुटतं, तोच व्हॅनिलाचा वास. लाकडातल्या शर्करा तापल्या की कॅरॅमल आणि भाजलेल्या बदामाच्या अंगाचे वास तयार होतात. आणखी भाजलं तर ग्वायकॉल येतो आणि वाइन धुरकट होते.

दुसरा भाग चवीचा. ओकमधली टॅनिन पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये सहज विरघळतात, जिभेला तुरट लागतात आणि वाइनला अंग देतात. ती स्वतः ऑक्सिजन शोषून घेतात, त्यामुळे वाइनचा रंग आणि फळाचा ताजेपणा थोडा जास्त टिकतो. व्हॅनिलिनमुळे वाइन गोडसर भासते, पण साखर त्यात एक कणही वाढलेली नसते. हायड्रोमीटर, म्हणजे वाइनमधली साखर मोजायचं साधन, पुन्हा बुडवून पाहिलं तरी आकडा तोच येतो.

पिंप आणि ओकचे तुकडे, यांत फरक काय?

पिंप दोन कामं करतं. लाकडाचा स्वाद देतं, आणि लाकडाच्या छिद्रांतून, फळ्यांच्या सांध्यांतून अगदी थोडा ऑक्सिजन महिनोन्‌महिने आत येऊ देतं. त्या ऑक्सिजनमुळे तुरटपणा मऊ होतो आणि लाल वाइनचा रंग पक्का बसतो. काचेच्या कारबॉयमध्ये तुकडे टाकले की पहिलं काम होतं, दुसरं होत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी रॅकिंग करताना जी थोडी हवा लागते, तिने ते अंशतः भरून निघतं. राहिलेलं काम वेळ करतो, म्हणून ओक काढून घेतल्यावरही वाइन मुरायला ठेवावी लागते.

अमेरिकन, फ्रेंच की हंगेरियन?

अमेरिकन ओक म्हणजे क्वेर्कस आल्बा, मिझुरी, मिनेसोटा, पेनसिल्वेनिया, व्हर्जिनिया इथलं पांढरं ओक. त्यात लॅक्टोन भरपूर, टॅनिन तुलनेने कमी. नारळ आणि व्हॅनिला ठळक येतात, लवकर येतात, आणि पहिल्या घोटातच ओळखू येतात. फ्रान्समधलं ओक दोन जातींचं असतं, क्वेर्कस पेट्रिया आणि क्वेर्कस रोबर. आलिये, नेव्हेर, व्होज, लिमुझँ ही त्यांच्या जंगलांची नावं पाकिटांवर दिसतात. त्यात टॅनिन जास्त आणि वास संयमित, मसाल्याकडे झुकणारा. हंगेरियन ओक याच युरोपीय जातींचं, झेम्प्लेन डोंगरांतलं नाव घेतलं जातं. स्वादाने ते फ्रेंचच्या जवळ आणि किमतीला हलकं. आलिये भागातलं त्राँसे जंगल तर सतराव्या शतकात चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने आरमाराच्या जहाजांसाठी राखून वाढवायला लावलं होतं. जहाजं लोखंडाची झाली आणि लाकूड वाइनच्या वाट्याला आलं. इतक्या दूरदृष्टीने राखलेल्या झाडाचा तुकडा आपल्या कारबॉयमध्ये पडतो, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

फ्रेंच पिंप महाग असण्याचं कारण लाकडाच्या रचनेत आहे. अमेरिकन पांढऱ्या ओकच्या नलिका टायलोसिस नावाच्या वाढीने बुजलेल्या असतात, त्यामुळे ते करवतीने कापलं तरी गळत नाही. फ्रेंच ओक मात्र रेषेच्या दिशेनेच फोडावं लागतं, त्यात बरंच लाकूड वाया जातं. तुकड्यांच्या बाबतीत गळण्याचा प्रश्नच नाही, म्हणून घरी फ्रेंच ओक वापरणं परवडतं.

‘फ्रेंच ते चांगलं, अमेरिकन ते स्वस्तातलं’ हा समज मात्र काढून टाका. स्पेनमधल्या रियोहाच्या टेंप्रानियोची परंपरा अमेरिकन ओकवर उभी राहिली. ऑस्ट्रेलियाची ग्रेंज ही शिराझ अमेरिकन ओकमध्ये मुरते. कॅलिफोर्नियातल्या रिज वायनरीची माँटे बेलो ही कॅबर्ने सोव्हिन्यों प्रामुख्याने अमेरिकन ओकमधली आहे. माझा स्वतःचा कल असा: कॅलिफोर्नियातल्या लोडायची झिनफँडल, सिरा यांसारख्या रसरशीत, पिकलेल्या फळाच्या वाइनला अमेरिकन, कॅबर्ने आणि मर्लोला फ्रेंच किंवा हंगेरियन, आणि पिनो न्वारला फ्रेंच, तेही हात राखून.

लाइट, मीडियम, मीडियम प्लस, हेवी टोस्ट म्हणजे काय घ्यायचं?

टोस्ट म्हणजे लाकूड किती भाजलं आहे ते. पहिल्यांदा करत असाल तर मीडियम. कमी भाजलेल्या लाकडात कच्च्या लाकडाचा वास आणि टॅनिन जास्त राहतात. मीडियम आणि मीडियम प्लसमध्ये व्हॅनिला, कॅरॅमल, मसाला जुळून येतात. हेवीमध्ये धूर, कॉफी, कोळसा वर येतो आणि टॅनिन घटतात. हेवी टोस्ट एकटा वापरण्यापेक्षा मीडियमबरोबर चौथा हिस्सा वगैरे मिसळला तर शोभतो.

पाकिटावर लाकूड उघड्यावर वाळवलेलं आहे का तेही पाहा. चांगलं ओक पाऊस-उन्हात दोन-तीन वर्षं ठेवतात, त्यात त्याचा कडूपणा धुऊन जातो. भट्टीत झटपट वाळवलेलं लाकूड जास्त रांगडं लागतं.

भुसा, ढलप्या, क्यूब, स्पायरल, पट्ट्या… काय निवडावं?

लहान तुकड्याचं सगळं लवकर सुटतं आणि संपतं, मोठ्या तुकड्याचं सावकाश आणि थरांनी सुटतं. मिऱ्याची पूड आणि अख्खी मिरी यांत रश्श्याला जो फरक पडतो, तसाच इथेही पडतो.

भुसा आणि ढलप्या, म्हणजेच चिप्स, आंबवतानाच घालायला योग्य. ढलप्यांचा बहुतेक स्वाद एक-दोन आठवड्यांत उतरतो आणि तो थोडा एकपदरी असतो. क्यूब साधारण सेंटिमीटरभराचे असतात. भाजताना त्यांच्या बाहेरच्या बाजूला जास्त आणि आत कमी उष्णता पोहोचलेली असते, म्हणून वेगवेगळ्या टोस्टचे स्वाद क्रमाने येत जातात. त्यांना सहा आठवडे ते तीन महिने द्यावेत. स्पायरलला खाचा असल्याने पृष्ठभाग मोठा, ते साधारण सहा आठवड्यांत काम संपवतात आणि कारबॉयच्या अरुंद गळ्यातून जातात, हा त्यांचा मोठा फायदा. मुरवण्यासाठी माझी पसंती क्यूबना आहे. ते संथ आहेत, आणि संथपणामुळे चाखून थांबायला वेळ मिळतो.

१९ लिटरला किती घालायचा?

ढलप्या लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ४० ग्रॅमच्या आत. क्यूब लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे ५५ ते ६० ग्रॅम. पाकिटावर कधी याच्या दुप्पट लिहिलेलं असतं. सुरुवात इथूनच करा, कमी वाटलं तर आणखी घालता येतं. पांढऱ्या वाइनला याच्या निम्म्याने सुरुवात करा. वजन काट्यावर करा, मुठीने नको. क्यूब दिसायला थोडे वाटतात आणि हात सैल सुटतो.

आधी छोटा प्रयोग करायची इच्छा असेल तर वाइनच्या तीन बाटल्या भरून घ्या: एक नुसती, एकीत दीड ग्रॅम ढलप्या, एकीत तीन ग्रॅम. बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या आणि बुचाने बंद असाव्यात. दहा दिवसांनी तिन्ही शेजारी ठेवून चाखा. कोणता ओक तुमच्या वाइनला मानवतो हे यातून इतकं स्वच्छ कळतं, की नंतर पाकिटावरच्या वर्णनांची गरज उरत नाही.

आंबवताना घालायचा की नंतर?

दोन्हींचा हेतू वेगळा आहे. आंबवण्याच्या वेळी घातलेल्या ओकची टॅनिन द्राक्षांतल्या प्रथिनांशी बांधली जाऊन गाळात बसतात, त्यामुळे द्राक्षाची स्वतःची टॅनिन वाइनमध्ये शिल्लक राहतात आणि रंगाला आधार मिळतो. शिवाय यीस्ट व्हॅनिलिनचं रूपांतर करून त्याचा वास सौम्य करतं. म्हणून ओकमध्ये आंबवलेली शार्डोने, नंतर ओक घातलेल्या शार्डोनेपेक्षा जास्त एकजीव लागते. ऐकायला उलटं वाटतं, पण ओकशी संबंध जास्त काळ येऊनही तो कमी जाणवतो.

नंतर, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या रॅकिंगनंतर घातलेला ओक वासात स्पष्ट उमटतो आणि त्यावर तुमचं नियंत्रण असतं. लाल वाइनला मी दोन्ही सुचवते: आंबवताना मूठभर ढलप्या, टोस्ट न केलेल्या किंवा हलक्या टोस्टच्या, आणि मुरवताना मोजून क्यूब. मॅलोलॅक्टिक, म्हणजे बॅक्टेरिया तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात तो टप्पा, चालू असताना क्यूब आत असले तरी हरकत नाही.

किती दिवस ठेवायचा, आणि केव्हा काढायचा हे कसं कळतं?

दिवस मोजून कळत नाही, चाखूनच कळतं. जानेवारीत तळघर थंड असतं तेव्हा स्वाद सावकाश उतरतो, मेमध्ये लवकर. अल्कोहोल जास्त असेल तरी उतरण्याचा वेग बदलतो. ढलप्या असतील तर चौथ्या-पाचव्या दिवसापासून चाखायला लागा, क्यूब असतील तर दुसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला.

चाखायची रीत अशी. वाइन थीफ म्हणजे लांब काचनळी, ती धुऊन, सल्फाइटच्या, म्हणजे जंतू रोखणाऱ्या क्षाराच्या, पाण्यातून काढून घ्या. कारबॉयच्या मध्यातून वाइन घ्या, तळातून किंवा क्यूबच्या लगतची नको. पेल्यात ५० मिलिलिटर पुरे. दहा मिनिटं पेला तसाच ठेवा, तळघरातल्या थंडाव्यात वास दबलेला असतो. मग हुंगा, घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळल्यावर जिभेच्या कडांवर काय उरतं ते बघा. सुरुवातीचे एक-दोन आठवडे ओल्या भुश्याचा, नव्या फर्निचरच्या दुकानाचा वास येतो. इथे घाबरून बरेच जण क्यूब काढून टाकतात. थांबा. तो कच्चेपणा पुढच्या आठवड्यांत ओसरतो आणि मसाला, व्हॅनिला वर यायला लागतात. तारीख घालून दोन-दोन ओळी वहीत लिहून ठेवा. मागच्या आठवड्याची चव आठवणीत खरी राहत नाही.

काढायचं केव्हा? तुम्हाला शेवटी जेवढा हवा त्यापेक्षा ओक किंचित जास्त वाटायला लागला की. ओक काढल्यावर पुढच्या काही महिन्यांत तो वाइनमध्ये मिसळून मवाळ होतो, म्हणून ही थोडी वरची बाजू. मात्र किंचितच. फळाचा वास शोधावा लागत असेल तर वेळ टळून गेली आहे. काढायचं म्हणजे वाइन दुसऱ्या स्वच्छ कारबॉयमध्ये ओढून घ्यायची, क्यूब मागे राहतात.

तुकडे उकळून घ्यावेत का? जंतूंचं काय?

उकळू नका. उकळलेल्या पाण्यात जो सुंदर तपकिरी रंग आणि वास उतरतो तो तुम्ही विकत घेतलेला ओक असतो, आणि तो मोरीत जातो. भाजलेलं, बंद पाकिटातलं लाकूड बऱ्यापैकी स्वच्छ असतं. आंबून तयार झालेल्या वाइनमध्ये अल्कोहोल, आम्ल आणि सल्फाइट तिन्ही असतात. पाकीट उघडून सरळ घातलं तरी सहसा चालतं. मनाला समाधान हवं असेल तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात क्षणभर बुडवून काढा, किंवा पाच मिनिटं वाफ द्या.

वाइनमध्ये सल्फाइट पुरेसं आहे ना, हे पाहणं त्याहून महत्त्वाचं. पाव छोटा चमचा म्हणजे सुमारे दीड ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट २३ लिटरला ३५ ते ४० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) सल्फर डायऑक्साइड देतं. मॅलोलॅक्टिक करायचं असेल तर मात्र ते संपेपर्यंत सल्फाइट घालू नका.

ब्लीचने धुतलं तर?

कधीही नाही. क्लोरीन आणि लाकूड एकत्र आले की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि बुरशी त्यांचं ट्रायक्लोरोॲनिसोल करते. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद माळ्याचा तो वास अत्यल्प प्रमाणातही फळाला मारून टाकतो आणि घरच्या साधनांनी काढता येत नाही. ज्या खोलीत ओक किंवा पिंप आहे तिथे क्लोरीनचं काहीही वापरू नका, फरशी पुसायलासुद्धा.

क्यूब तरंगतात, आणि घातल्या घातल्या फेस उसळला. बिघडलं का?

नाही. तरुण वाइनमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. कोरडं, सच्छिद्र लाकूड पडलं की तो एकदम सुटतो. म्हणून एकावेळी चार-पाच तुकडे सोडा आणि कारबॉय गळ्यापर्यंत भरलेला असेल तर आधी थोडी वाइन काढून ठेवा. काही दिवसांत क्यूब वाइन पितात आणि तळाला जातात. त्यांनी प्यायलेल्या वाइनमुळे पातळी उतरते, ती काढून ठेवलेल्या वाइनने पुन्हा भरा. गळ्याखाली रिकामी जागा ठेवणं म्हणजे हवेला आमंत्रण.

मलमलच्या पिशवीत घालण्याची सूचना बऱ्याच ठिकाणी मिळते. आंबवण्याच्या रुंद बादलीत ती ठीक. कारबॉयमध्ये नको, लाकूड फुगतं आणि गळ्यातून आत गेलेली पिशवी बाहेर येत नाही. सुटे क्यूबच बरे.

हौसेने छोटं पिंप घेतलं तर?

२० लिटरचं पिंप दिसतं देखणं, पण त्याचं गणित समजून घ्या. बोर्दोच्या नेहमीच्या पिंपात २२५ लिटर मावतात. २० लिटरच्या पिंपात प्रत्येक लिटरला स्पर्श करणारं लाकूड त्याच्या दुपटीहून जास्त असतं. म्हणजे ओक झपाट्याने चढतो, बाष्पीभवन जास्त होतं आणि ऑक्सिजनही जास्त आत येतो. पहिली वाइन काही आठवड्यांतच बाहेर काढावी लागते, म्हणजे मुरवण्यासाठी घेतलेल्या पिंपात मुरवताच येत नाही. दोन-तीन हंगाम वाइन जाऊन त्याचा जोर उतरला की मग ते कामाचं होतं.

तोवर त्याची देखभाल आहेच. गरम पाण्याने फळ्या फुगवून गळती थांबवायची, दर दोन-तीन आठवड्यांनी वाइनने भरून काढायचं, रिकामं ठेवायची वेळ आली तर आत गंधकाची वात जाळायची. दर वर्षी शंभर लिटरच्या वर करणारं कुटुंब असेल आणि जागा थंड असेल तर मोठं पिंप घ्या. नाहीतर काच आणि क्यूब.

वापरलेले क्यूब पुन्हा वापरता येतात?

स्वाद थोडा उरलेला असतो, पण ओल्या लाकडाच्या छिद्रांत ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट ठाण मांडून बसू शकतं. लाकडातली सेलोबायोज ही शर्करासुद्धा त्याला चालते. त्याने वाइनला घोड्याच्या तबेल्याचा, जखमेवर लावायच्या चिकटपट्टीचा वास येतो. ६० ग्रॅम लाकडासाठी १९ लिटर वाइन धोक्यात घालू नका. वापरलेले क्यूब वाळवून बार्बेक्यूच्या निखाऱ्यावर टाका, धुराला छान वास येतो. हीच गोष्ट कुणी फुकट देऊ केलेल्या जुन्या वाइनच्या पिंपाची. आत नाक घालून हुंगल्याशिवाय घरी आणू नका.

कोणत्या वाइनला ओक नकोच?

रीसलिंग, मस्कॅट, गेवुर्त्सट्रामिनर. त्यांचा फुलांचा वास हेच त्यांचं सर्वस्व आहे. सोव्हिन्यों ब्लाँला सहसा नको. लवकर प्यायच्या रोझेला नको.

शार्डोनेतला लोण्याचा वास ओकमुळे येतो ना?

नाही, तो डायअसेटिलचा. मॅलोलॅक्टिक करणारे बॅक्टेरिया तो तयार करतात. लोणी हवं असेल तर ओक वाढवून मिळणार नाही.

जांभूळ, करवंद, प्लम, मध यांच्या वाइनला?

प्लम आणि ब्लॅकबेरीला अमेरिकन मीडियम टोस्ट सुरेख जमतो. मधाच्या वाइनलाही, विशेषतः ती वर्षभर ठेवणार असाल तर. जांभूळ स्वतःच तुरट आहे, त्यात फ्रेंच ओकची टॅनिन घातली तर जीभ आखडते. घालायचाच असेल तर लिटरला एका ग्रॅमच्या आत आणि अमेरिकन. आंबा, लिची, अननस यांना लाकडापासून दूर ठेवा. गोव्यात-वसईत नाताळच्या वेळी होते तशा गोड, मनुका घातलेल्या द्राक्ष-वाइनला ओकची गरज वाटत नाही, मनुकांनी तिचं अंग आधीच भरलेलं असतं.

सागाचं, फणसाचं, बाभळीचं लाकूड चालेल का? भारतातून आणता येईल.

कृपा करून नको. साग टिकाऊ आहे तो त्याच्यातल्या तेलांमुळे आणि कीटकांना पळवणाऱ्या रसायनांमुळे, आणि तीच पोटात जाऊ नयेत. बाभळीची साल कातडी कमावायला वापरतात इतकी ती तुरट. युरोपात ‘अकेशिया’ म्हणून वाइनला वापरतात ते रोबिनियाचं लाकूड, बाभूळ नव्हे. चेस्टनट आणि चेरीही तिकडे वापरात होती आणि आहेत. अंगणातल्या ओकची फांदी तोडून भट्टीत भाजायचा मोहही टाळा. वर्षानुवर्षं वाळवणं हा त्या लाकडाच्या चवीचा अर्धा भाग आहे. सुतारकामातला उरलेला तुकडा तर नाहीच, त्यावर काय फवारलं आहे ते कुणालाच माहीत नसतं.

व्हिस्कीच्या पिंपाचे तुकडे मिळतात, ते?

बर्बनची पिंपं आतून कोळसा होईपर्यंत जाळलेली असतात, वाइनची नुसती भाजलेली. ते तुकडे घातले तर वाइनला बर्बनचा वास येतो. कुणाला तो आवडतो. मला झिनफँडलमध्येही तो फळावर बसलेला वाटतो.

बाटलीत भरायच्या आधी थोडा ओक कमी वाटतोय. पुन्हा दोन महिने थांबू का?

थांबायचं नसेल तर साध्या वोडकात क्यूब दोन-तीन आठवडे भिजवून अर्क करून ठेवा. १०० मिलिलिटर वाइनमध्ये अर्धा, एक, दीड मिलिलिटर असं मोजून घालून चाखा आणि जमलेलं प्रमाण साऱ्या वाइनला लावा. बाजारी ओक अर्कापेक्षा हा स्वच्छ लागतो. फक्त शेवटच्या दुरुस्तीपुरता वापरा. सगळा ओक अर्कातून आणला तर वास येतो, अंग येत नाही.

ओक फार झाला. आता?

लगेच लाकडापासून वेगळी करा. त्यानंतरचा खरा उपाय एकच: ओक न घातलेल्या वाइनमध्ये मिसळणं. म्हणूनच दर हंगामात थोडी वाइन बिनओकची राखून ठेवावी, निदान गॅलनभर. अंड्याचा पांढरा बलक किंवा जिलेटिनने तुरटपणा काही अंशी उतरतो, वास मात्र तसाच राहतो. मिसळायला वाइन नसेल तर पुढच्या हंगामापर्यंत ठेवा आणि नव्या वाइनमध्ये थोडीथोडी घाला. वर्षभरात ओक मवाळ होतो, पण फळही त्याच वर्षात उतरत असतं, म्हणून नुसत्या वाट पाहण्यावर भिस्त ठेवू नका.

तुकडे वापरणं म्हणजे फसवणूक नाही का?

नाही. युरोपीय संघाने २००६ साली व्यावसायिक वाइनमध्येही ओकच्या तुकड्यांना परवानगी दिली. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात ते आधीपासूनच वापरात होते. नवं फ्रेंच पिंप फार महाग पडतं. १९ लिटर करणाऱ्याने त्याची बरोबरी करू पाहण्यात अर्थ नाही. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा ओकने वाइनचा दोष लपवून ती दुसऱ्याच्या पेल्यात ओतली जाते.

हे सगळं कायदेशीर आहे का? महाराष्ट्रात घरी करता येईल?

अमेरिकेत संघीय कायद्याने एका घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकच असेल तर १०० गॅलन वाइन घरच्या वापरासाठी करता येते. विकता येत नाही. ही परंपरा दारूबंदीतूनही तगली. १९२० ते १९३३ या काळात घरी फळांचा रस करायला कायद्यात जागा होती, आणि कॅलिफोर्नियाहून रेल्वेने अलिकांते बुशेसारखी जाड सालीची द्राक्षं पूर्वेकडच्या इटालियन घरांपर्यंत यायची. आज आपण ज्या व्यापाऱ्यांकडून पेट्या उचलतो, तो धंदा त्याच वाटेने आला आहे.

महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मद्य बनवायला परवाना लागतो, आणि घरच्यापुरती केली हे कारण चालत नाही. तिकडच्या नातेवाइकांना पाककृती पाठवू नका. त्यांना ओकची चव ओळखायची असेल तर सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ किंवा अकलूजच्या फ्रातेल्लीची सेट्टे घ्यायला सांगा. दोन्ही ओकमध्ये मुरलेल्या आहेत, आणि सुट्टीत गेल्यावर तुम्हीही त्या याच नजरेने, म्हणजे लाकूड कुठे संपतं आणि फळ कुठे सुरू होतं हे शोधत चाखाव्यात.

ओक काढला. बाटल्या कधी भरू?

लाल वाइनला किमान तीन महिने कारबॉयमध्येच द्या, सहा दिले तर उत्तम. पांढरीला दोन पुरतात. या काळात लाकडाची बारीक धूळ तळाला बसते, ती बाटलीत जाऊ देऊ नका. भरायच्या आधी एकदा रॅकिंग, सल्फाइटची तपासणी, आणि वहीतली पहिली नोंद समोर ठेवून एक पेला. जी उणीव तेव्हा लिहिली होती ती भरून निघाली असेल तर बुचं लावायला घ्या.